सरकारी नोकरीत असताना इस्रोत अर्ज: कागद कुठे अडतो आणि का

रेल्वे, मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिस, केंद्राचा किंवा राज्याचा बांधकाम विभाग, पुण्यातल्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळा अशा ठिकाणी नोकरी करणारे कितीतरी अभियंते इस्रोची जाहिरात निघाली की अर्ज भरतात. अभ्यास होतो, मुलाखत होते, निवड यादीत नावही येतं. आणि मग आस्थापना शाखेत फाईल अडते. अर्ज करताना कार्यालयाला कळवलेलंच नसतं, ना हरकत प्रमाणपत्रावरची तारीख फार उशिराची असते, किंवा राजीनाम्यात जो एक शब्द हवा तोच नसतो. कॉलेजातून थेट येणाऱ्या मुलाला यातलं काही सांभाळावं लागत नाही. सरकारी कर्मचाऱ्याची मात्र मागची सेवा, साठलेली रजा आणि मूळ वेतन हे सगळं त्यावर अवलंबून असतं. म्हणून या लेखात अभ्यासापेक्षा कागदांवर जास्त भर आहे.

आत जायला दोन दारं

पहिलं दार खुल्या भरतीचं. इस्रोच्या केंद्रीय भरती मंडळाची जाहिरात निघते, पद असतं वैज्ञानिक/अभियंता 'एससी' (हे पदाच्या श्रेणीचं नाव, अनुसूचित जाती नव्हे), वेतनस्तर १०, सुरुवातीचं मूळ वेतन ५६,१०० रुपये. इथे तुम्ही आणि नुकताच पदवीधर झालेला मुलगा एकाच रांगेत. पदविकाधारकांसाठी तांत्रिक सहायकाचं पद असतं, वेतनस्तर ७, मूळ वेतन ४४,९०० पासून. त्याच्या जाहिराती बहुतेक वेळा ज्या त्या केंद्राकडून स्वतंत्र निघतात.

दुसरं दार प्रतिनियुक्तीचं, म्हणजे मूळ नोकरी न सोडता ठरावीक मुदतीसाठी दुसऱ्या कार्यालयात जाण्याचं. ही जाहिरात फक्त सरकारी सेवेत असलेल्यांसाठी असते. लेखी परीक्षा बहुधा नसते, तुमचा सेवेतला अनुभव आणि कार्यमूल्यमापन अहवाल बघून निवड होते. अहमदाबादच्या बोपळमध्ये मुख्यालय असलेल्या इन-स्पेससारख्या नव्या संस्थेत अशी पदं निघतात. बाहेरच्यांशी स्पर्धा नसली, तरी कागदपत्रांचा गठ्ठा तिप्पट असतो.

कोणत्या दाराने जायचं हे ठरवण्याआधी आणखी एक गोष्ट बघायलाच हवी: जिथे अर्ज करताय ती संस्था नेमकी काय आहे? इस्रोची केंद्रं, म्हणजे तिरुवनंतपुरमचं विक्रम साराभाई अंतराळ केंद्र, श्रीहरिकोटाचं सतीश धवन केंद्र, बंगळुरूचं यू. आर. राव उपग्रह केंद्र, अहमदाबादचं स्पेस अ‍ॅप्लिकेशन्स सेंटर, ही थेट भारत सरकारची कार्यालयं आहेत. भौतिक संशोधन प्रयोगशाळा आणि गदंकीची वातावरण संशोधन प्रयोगशाळा या स्वायत्त संस्था. न्यूस्पेस इंडिया ही तर कंपनी. केंद्र सरकारी कर्मचारी केंद्राच्याच दुसऱ्या विभागात गेला तर जुन्या पदावरचा धारणाधिकार, म्हणजे त्या पदावर परत येण्याचा हक्क, काही काळ टिकतो. स्वायत्त संस्थेत किंवा कंपनीत कायमचं गेल्यावर तसं होत नाही. जाहिरातीवर बोधचिन्ह अंतराळ विभागाचं दिसतं म्हणून सगळीकडे एकच नियम, असं समजू नका.

हाच प्रश्न स्वतःच्या नोकरीबद्दलही विचारायला हवा. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळाचे सात उपक्रम झाले. खडकी, अंबरनाथ, वरणगाव, भंडारा इथल्या जुन्या कर्मचाऱ्यांना मानीव प्रतिनियुक्तीवर धरून त्यांचा केंद्र सरकारी दर्जा ठेवला गेला, पण कंपनीने नंतर स्वतः भरलेला माणूस केंद्र सरकारी कर्मचारी नाही. अर्जातल्या 'सध्याचा नियोक्ता' या रकान्यात दोघांनी वेगवेगळा पर्याय निवडायचा असतो.

पात्रता: टक्के, शाखा आणि वय

'एससी' पदासाठी अभियांत्रिकी पदवी प्रथम वर्गात, सरासरी ६५ टक्के किंवा १० पैकी ६.८४ सीजीपीए, अशी अट असते. गुणपत्रिकेवर सीजीपीए असेल तर सीजीपीएच लिहावा. स्वतःच सूत्र लावून टक्के काढू नयेत. कागदपत्रं तपासताना दोन आकडे जुळले नाहीत की खुलासा करत बसावं लागतं. शाखेचं नाव जाहिरातीत जसं छापलंय तसं पदवी प्रमाणपत्रावर आहे का, हेही पाहा. नाव वेगळं असेल तर विद्यापीठाचं समकक्षता पत्र आधीच मागवून ठेवावं, कारण ते यायला महिना सहज जातो.

नोकरीत असताना पदवी घेतली असेल, तर त्या शिक्षणासाठी कार्यालयाची पूर्वपरवानगी होती का आणि पदवीची नोंद सेवापुस्तकात झाली का, हे आजच तपासा. पदविकेवर लागलेले कनिष्ठ अभियंते आणि इस्रोतलेच तांत्रिक सहायक नेमके इथे अडकतात. पदवी खरी असते, पण कार्यालयाच्या दफ्तरी ती नसतेच.

वयोमर्यादा साधारणपणे २८ वर्षं, आणि वय मोजायचं ते अर्जाच्या शेवटच्या तारखेला. सेवेत असलेल्यांना केंद्राच्या आदेशांनुसार सवलत मिळते, पण त्यासाठी साधारणपणे तीन वर्षांची सलग नियमित सेवा पूर्ण लागते. ती केंद्राच्या नागरी कर्मचाऱ्यांसाठी आहे. महाराष्ट्र शासनाच्या किंवा जिल्हा परिषदेच्या अभियंत्याने ती आपोआप मिळेल असं धरून चालू नये.

२०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरच्या पदांसाठी इस्रोने स्वतःची लेखी परीक्षा न घेता २०२४ किंवा २०२५ च्या गेटचे (अभियांत्रिकीची राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा) गुण मागितले. स्थापत्य, विद्युत, प्रशीतन-वातानुकूलन आणि वास्तुशास्त्र या पदांसाठी मात्र वेगळी जाहिरात आणि लेखी परीक्षा होती. पुढची जाहिरात कशी असेल हे ठरलेलं नसतं, म्हणून गेटच्या शाखेतल्या माणसाने दरवर्षी फेब्रुवारीत गेट देऊन ठेवावी हे उत्तम. त्या परीक्षेला वयाची अट नाही.

जातीचा दाखला आणि उत्पन्न

मराठी उमेदवारांचे सर्वाधिक अर्ज या मुद्द्यावर अडचणीत येतात. केंद्राच्या भरतीला इतर मागासवर्गाचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. महाराष्ट्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमिलेअर चालत नाही. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग आणि एसईबीसी हे राज्याचे प्रवर्ग आहेत, केंद्राच्या अर्जात त्यांचा रकानाच नसतो. आपली जात केंद्राच्या यादीत कुठे आहे ते नावानिशी शोधावं आणि त्यानुसारच पर्याय निवडावा.

नोकरदारांनी आणखी एक फरक ओळखावा. नॉन-क्रीमिलेअर ठरवताना आईवडिलांचं पद आणि उत्पन्न पाहतात, उमेदवाराचा स्वतःचा पगार धरत नाहीत. त्यामुळे 'मी आता सरकारी नोकर, मला दाखला मिळणार नाही' ही समजूत चुकीची. आर्थिक दुर्बल घटकाचं मात्र उलटं आहे. तिथे ८ लाखांच्या मर्यादेत उमेदवाराचा स्वतःचा पगार, आईवडील, जोडीदार आणि १८ वर्षांखालची भावंडं-मुलं यांचं उत्पन्न एकत्र मोजतात. वेतनस्तर ७ वरच्या माणसाचं मूळ वेतन, महागाई भत्ता आणि घरभाडं मिळूनच तो आकडा ओलांडला जातो. नोकरी लागण्याआधीचं जुनं प्रमाणपत्र जोडणं हा सरळ सरळ खोटा दावा ठरतो, आणि नेमणूक झाल्यावरही तो बाहेर येतो.

ना हरकत प्रमाणपत्र: कधी मागायचं

इस्रो ना हरकत प्रमाणपत्र मुलाखतीच्या वेळी मागते. त्यामुळे बहुतेक जण मुलाखतीचं पत्र आल्यावर धावपळ सुरू करतात. इस्रोपुरतं ते चालूनही जातं. पण जुन्या सेवेचा लाभ पुढे न्यायचा असेल, तर अर्ज 'योग्य मार्गाने', म्हणजे आपल्या कार्यालयामार्फत, गेला होता हे दाखवावं लागतं. ते तुमच्या जुन्या कार्यालयाच्या कागदावरच ठरतं.

म्हणून ऑनलाइन अर्ज ज्या दिवशी भराल त्याच दिवशी त्याची छापील प्रत, जाहिरातीची प्रत आणि एक पानाचं पत्र आस्थापना शाखेत द्या. पत्रात जाहिरात क्रमांक, पद, वेतनस्तर, अर्जाची शेवटची तारीख आणि 'ना हरकत प्रमाणपत्र मिळावे' एवढं असावं. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच जपून ठेवा. तोंडी 'साहेबांना सांगितलंय' याला फाईलमध्ये काही किंमत नसते.

केंद्रीय कार्मिक विभागाच्या सूचनांनुसार कर्मचाऱ्याला बाहेरच्या पदांसाठी वर्षात चार संधी दिल्या जातात. सार्वजनिक हिताचं कारण असेल तर कार्यालय नकार देऊ शकतं. जिथे जायचंच नाही अशा जाहिरातींवर त्या संधी घालवू नका. निलंबन, विभागीय चौकशीत बजावलेलं दोषारोपपत्र, खटल्याला मिळालेली मंजुरी किंवा भोगत असलेली शिक्षा यांपैकी काही असेल तर अर्ज पुढे जात नाही. सरकारी खर्चाने प्रशिक्षण घेतल्याचं बंधपत्र असेल तर घाबरून जायचं कारण नाही. दुसऱ्या सरकारी कार्यालयात जाताना पैसे भरावे लागत नाहीत, उरलेल्या काळाचं नवं बंधपत्र तिथे द्यावं लागतं.

इस्रोचा अर्ज आधी केला आणि सध्याची सरकारी नोकरी नंतर लागली, असं पुष्कळांचं होतं. त्यांच्यासाठी स्वतंत्र तरतूद आहे. नोकरीत रुजू होताच 'मी अमुक पदासाठी आधीच अर्ज केला आहे' असं लेखी कळवायचं आणि पुढे राजीनामा देताना त्याचाच उल्लेख करायचा. हे रुजू होतानाचं पत्र राहून गेलं तर नंतर ते मागच्या तारखेने तयार करता येत नाही.

प्रतिनियुक्तीचा अर्ज

हा अर्ज उमेदवार एकटा पूर्ण करूच शकत नाही. अर्धा भाग त्याचा, अर्धा कार्यालयाचा. कार्यालयाकडून लागणाऱ्या गोष्टी अशा: मागच्या पाच वर्षांचे कार्यमूल्यमापन अहवाल, प्रत्येक पानावर साक्षांकित (केंद्रात अवर सचिव किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची सही लागते), दक्षता प्रमाणपत्र, सचोटी प्रमाणपत्र, मागच्या दहा वर्षांत झालेल्या शिक्षांचं विवरण, काही नसेल तर 'निरंक', आणि संवर्ग नियंत्रक प्राधिकाऱ्याची मंजुरी. मुदत बहुधा जाहिरात प्रसिद्ध झाल्यापासून ६० दिवसांची असते आणि त्यातले ४५ दिवस तुमचीच फाईल टेबलांवरून फिरण्यात जातात. म्हणून आगाऊ प्रत स्वतः पाठवावी, पण आगाऊ प्रतीवर निवड होत नाही हे लक्षात ठेवून मूळ अर्जाचा जावक क्रमांक मिळेपर्यंत पाठपुरावा करावा.

अहवालांमधली एखादी फट अर्ज बाद करायला पुरेशी ठरते. वरिष्ठाच्या हाताखाली तीन महिन्यांपेक्षा कमी काम झालं असेल तर तेवढ्या काळाचा अहवाल लिहिला जात नाही. अशा काळासाठी 'अहवाल नाही' असं प्रमाणपत्र घेऊन जोडावं लागतं. कोरी जागा ठेवली तर छाननी करणारा ती अपूर्ण कागदपत्रं म्हणून बाजूला टाकतो.

पात्रतेची ओळ साधारण अशी असते: 'मूळ संवर्गात समकक्ष पद नियमितपणे धारण करणारा, किंवा खालच्या वेतनस्तरात इतकी वर्षं नियमित सेवा झालेला.' यातला नियमित हा शब्द फार कडक आहे. पदोन्नती न मिळाल्यामुळे दिलेल्या वित्तीय उन्नतीने पगार वरच्या स्तरात गेला, तरी तुम्ही ते वरचं पद धारण करत नाही. तदर्थ, म्हणजे तात्पुरत्या, पदोन्नतीचा काळही धरला जात नाही. वेतन चिठ्ठीवर स्तर १० दिसतो म्हणून समकक्ष समजून केलेले अर्ज याच कारणाने परत येतात.

महाराष्ट्र शासनाच्या अभियंत्यांनी इथे दुप्पट काळजी घ्यावी. राज्याचे एस-क्रमांक आणि केंद्राचे स्तर एक नाहीत. कनिष्ठ अभियंत्याचा एस-१४ म्हणजे ३८,६०० पासूनची वेतनश्रेणी, तर केंद्राचा स्तर १४ सुरू होतो १,४४,२०० पासून. केंद्राच्या स्तर १० ची बरोबरी राज्याच्या एस-२० शी होते, कारण दोन्ही ५६,१०० पासून सुरू होतात. रकान्यात नुसता '१४' लिहिला तर अर्ज वाचणाऱ्याचा गोंधळच होणार. पूर्ण वेतनश्रेणी रुपयांत लिहावी आणि आधी पाहावं की जाहिरातीत राज्य शासनाचे कर्मचारी पात्र आहेत की फक्त केंद्राचे.

प्रतिनियुक्तीची मुदत जाहिरातीत दिलेली असते. वयाची वरची मर्यादा शेवटच्या तारखेला बहुधा ५६ असते. मूळ वेतनाच्या ५ टक्के, गाव बदललं तर १० टक्के प्रतिनियुक्ती भत्ता मिळतो, त्यालाही कमाल मर्यादा आहे. जाहिरातीत 'समावेशन' हा शब्द नसेल तर मुदत संपल्यावर मूळ विभागात परत यायचं हे गृहीत धरून घराचा, मुलांच्या शाळेचा विचार करावा.

सरकारी कामाचा अनुभव मुलाखतीत कसा वापरायचा

स्थापत्य, विद्युत आणि वातानुकूलनाच्या अभियंत्यांना वाटतं, रॉकेट बनवणाऱ्यांना आपला काय उपयोग. पण जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने श्रीहरिकोटाच्या तिसऱ्या प्रक्षेपण तळाला सुमारे ३,९८५ कोटी रुपये मंजूर केले, आणि तमिळनाडूत कुलशेखरपट्टिणम इथे नवा प्रक्षेपण तळ उभा राहतोय. यातलं बरंचसं काम काँक्रीट, पोलाद, वीजपुरवठा आणि हवा नियंत्रणाचं आहे.

उदाहरण म्हणून रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहाचं वातानुकूलन केलेला विद्युत किंवा यांत्रिकी अभियंता घ्या. उपग्रह जोडण्याच्या स्वच्छ कक्षात तेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर असतं. आयएसओ वर्ग ८ च्या कक्षात एका घनमीटर हवेत अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण ३५,२०,००० पेक्षा जास्त चालत नाहीत. कक्षातला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडलं तरी हवा बाहेर जाते, धूळ आत येत नाही. आर्द्रता फार कमी झाली तर स्थिर वीज साठून इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात, फार वाढली तर धातू गंजतो आणि भागांवर ओलावा धरतो. आपल्या कामातला दाबातला फरक किती होता, गाळणी कोणती होती, ती किती दिवसांनी बदलत होतो आणि बदलायला उशीर झाल्यावर काय बिघडलं, हे आकड्यांनिशी सांगता आलं की अनुभव नुसता अर्जाच्या कागदावर राहत नाही. 'मी इतक्या कोटींच्या निविदा हाताळल्या' या वाक्याने मात्र तांत्रिक मंडळावर फारसा परिणाम होत नाही.

नेमणूक कोणत्या केंद्रात होईल हे इस्रो ठरवते. महाराष्ट्रात मोठं केंद्र नाही, नागपूरला प्रादेशिक सुदूर संवेदन केंद्र आहे, पण ते लहान. मुलाखतीत 'कुठेही चालेल' म्हणण्याआधी घरात हे बोलणं झालेलं असावं.

तांत्रिक राजीनामा

निवड झाली, नेमणुकीचं पत्र आलं. या टप्प्यावर आनंदाच्या भरात लिहिलेला दोन ओळींचा राजीनामा सगळ्यात महाग पडतो. 'वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे' असं लिहिलं की मागची सेवा संपली. हवा असतो तो तांत्रिक राजीनामा, म्हणजे दुसऱ्या सरकारी पदावर जाण्यासाठी दिलेला आणि मागची सेवा न तोडणारा. तो असा:

'जाहिरात क्रमांक अमुक अन्वये अंतराळ विभागातील अमुक पदासाठी मी कार्यालयाच्या पत्र क्रमांक अमुक, दिनांक अमुक नुसार योग्य मार्गाने अर्ज केला होता. त्या पदावर माझी निवड झाली असून तेथे रुजू होण्यासाठी माझा तांत्रिक राजीनामा स्वीकारावा, सध्याच्या पदावरील धारणाधिकार नियमानुसार ठेवावा आणि पूर्वसेवेचे लाभ अनुज्ञेय करावेत, ही विनंती.'

केंद्राच्या कार्यालयात हेच हिंदीत किंवा इंग्रजीत द्या, राज्याच्या कर्मचाऱ्याने महाराष्ट्र नागरी सेवा नियमांच्या भाषेत द्यावं. तुमच्या पत्रात शब्द असून भागत नाही, स्वीकृतीच्या आणि कार्यमुक्तीच्या आदेशातही 'तांत्रिक राजीनामा' असं स्पष्ट छापलेलं हवं. आदेश हातात पडला की कार्यालय सोडण्याआधी वाचा. त्या दिवशी दुरुस्ती करून घेणं सोपं असतं, दोन वर्षांनी हजार किलोमीटरवरून जवळपास अशक्य.

केंद्रात कायम झालेल्या कर्मचाऱ्याचा धारणाधिकार दोन वर्षं राहतो, अपवादात्मक परिस्थितीत तीन. त्या काळात नवं काम जमलं नाही तर जुन्या पदावर परत येता येतं. परिवीक्षेवरच्या माणसाला ही सोय नाही, कारण त्याचा त्या पदावर धारणाधिकार निर्माणच झालेला नसतो. मूळ वेतन आधीच ५६,१०० च्या वर असेल, समजा स्तर ७ मध्ये ५६,९००, तर वेतन संरक्षणामुळे ते खाली येत नाही. पण नव्या कार्यालयाला अंतिम वेतन प्रमाणपत्र आणि सेवापुस्तक मिळेपर्यंत पगार किमान टप्प्यावरच काढला जाण्याची शक्यता असते, म्हणून ही दोन कागदपत्रं किती दिवसांत पाठवणार हे कार्यमुक्त होतानाच विचारून घ्या.

अर्जित रजेचं रोखीकरण घेऊ नका. तांत्रिक राजीनाम्यात रजा पुढे जाते. पैसे घेतले की ती शिल्लक संपली. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतली रक्कमही काढू नका. तुमचा प्रान क्रमांक (या योजनेतला कायमचा खाते क्रमांक) तोच राहतो, फक्त नव्या कार्यालयामार्फत क्षेत्र बदलण्याचा अर्ज करायचा. नवा प्रान काढून बसलेल्यांना नंतर दोन खाती एकत्र करताना महिनोन् महिने लागतात.

शेवटी कार्यमुक्त होण्याचा आणि रुजू होण्याचा दिवस. मधे पडलेला एखादा अनाथ दिवस सेवेतला खंड म्हणून दिसू शकतो. केंद्राच्या नियमांनुसार पदग्रहण कालावधी १,००० किलोमीटरपर्यंत १० दिवस, त्यापुढे १२ दिवस आणि २,००० किलोमीटरच्या पुढे १५ दिवस असतो. पुण्याहून तिरुवनंतपुरमला जाणाऱ्याला १२ दिवस मिळतात. हा कालावधी घेत असल्याचं कार्यमुक्ती आदेशात लिहून घ्या, आणि इस्रोच्या नेमणूक पत्रातली रुजू होण्याची तारीख त्यात बसत नसेल तर मुदतवाढीचं पत्र ती तारीख उलटण्याआधी पाठवा.